गाठीने जे गमावलं

डिसेंबर २०११ मध्ये ॲस्ट्राझेनेका या औषध कंपनीने जाहीर केलं की, अंडाशयाच्या कर्करोगावरचं ओलॅपॅरिब हे औषध तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत नेलं जाणार नाही. तोवरच्या गुंतवणुकीपैकी २८.५ कोटी डॉलर बुडीत खाती टाकले गेले. औषध घेणाऱ्या स्त्रियांचा आजार काही महिने उशिरा उलटत होता, एवढं खरं होतं. पण त्या एकंदरीत जास्त जगतील, असं तेव्हाच्या आकड्यांवरून दिसत नव्हतं. कंपनीच्या लेखी तो विषय तिथे मिटला.

ऑक्टोबर २०१८ मध्ये म्युनिकला कर्करोगतज्ज्ञांच्या युरोपीय परिषदेत त्याच औषधाच्या नव्या चाचणीचे निष्कर्ष मांडले गेले. प्रगत अवस्थेतल्या अंडाशयाच्या कर्करोगाचं नुकतंच निदान झालेल्या ३९१ स्त्रिया त्या चाचणीत होत्या आणि सगळ्यांच्या बीआरसीए जनुकात दोष होता. केमोथेरपीला चांगला प्रतिसाद मिळाल्यावर त्यांतल्या २६० जणींना ओलॅपॅरिब दिलं गेलं, १३१ जणींना औषध नसलेली गोळी. तीन वर्षांनंतर पहिल्या गटातल्या ६० टक्के स्त्रियांचा आजार उलटलेला नव्हता. दुसऱ्या गटात हे प्रमाण २७ टक्के होतं. आजार वाढण्याचा किंवा मृत्यूचा धोका ७० टक्क्यांनी घटला होता. 'सोलो-१' नावाच्या या चाचणीतल्या स्त्रियांची पुढेही नोंद ठेवली गेली. सात वर्षांनी औषध घेतलेल्यांपैकी ६७ टक्के हयात होत्या, न घेतलेल्यांपैकी ४६.५ टक्के.

अंडाशयाचा कर्करोग उशिरा सापडतो आणि पुन्हा पुन्हा उलटतो. पोट फुगणं, भूक मंदावणं अशा लक्षणांकडे पित्त, वय, दगदग म्हणून दुर्लक्ष होतं आणि निदान होईपर्यंत आजार पोटभर पसरलेला असतो. अशा रोगात हे आकडे पाहायला मिळतील, असं दहा वर्षांपूर्वी कोणी म्हटलं असतं तर तज्ज्ञांनीही विश्वास ठेवला नसता. मधल्या सात वर्षांत रेणू बदलला नव्हता. तो कोणत्या रुग्णाला आणि आजाराच्या कोणत्या वळणावर द्यायचा, याची समज बदलली होती. त्या समजेला जनुकशास्त्रात 'सिंथेटिक लीथॅलिटी' म्हणतात आणि तिचं मूळ कर्करोगाच्या रुग्णालयात नाही, फळमाश्यांच्या बाटल्यांत आहे.

पिकलेल्या केळ्यावर घोंगावणाऱ्या या माश्या विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात जनुकशास्त्रज्ञांच्या सर्वांत मोठ्या सोबती होत्या. १९२२ मध्ये कॅल्विन ब्रिजेस यांनी नोंदवलं की, काही जनुकीय दोष एकेकटे असताना माशी व्यवस्थित जगते, मात्र ते एकाच माशीत एकत्र आले की ती मरते. १९४६ मध्ये थिओडोसियस डोब्झान्स्की यांना रानातल्या माश्यांच्या एका जातीत असंच दिसलं. दोन निरोगी गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन जे नवं गुणसूत्र तयार होई, ते कधी कधी जीवघेणं निघे. 'सिंथेटिक लीथल' हे नाव त्यांनी दिलं. उत्क्रांती कशी चालते, हे समजून घेणं एवढाच त्यांचा हेतू होता. औषधाचा विचार त्यांच्या प्रयोगशाळेत दूरवरही नव्हता.

घरात नळही आहे आणि परसात विहीरही आहे, असं समजा. नळ गेला तर विहिरीवर भागतं, विहीर आटली तर नळावर भागतं. दोन्ही एकाच वेळी गेले की घर राहण्याजोगं उरत नाही. पेशीतही अनेक कामांची अशी दुहेरी सोय असते. आता एखाद्या गाठीतल्या पेशींची विहीर कायमची आटलेली असेल आणि शरीरातल्या बाकी सगळ्या पेशींची शाबूत असेल, तर नळ बंद करणारं औषध दिल्यावर काय होईल? शरीराला थोडी ओढाताण होईल. गाठ मरेल.

ऐकायला सोपं वाटतं, पण कर्करोगाच्या संशोधनाला बसलेली एक जुनी गाठ या विचाराने सुटली. विसाव्या शतकाच्या शेवटी नेमक्या जागी मारा करणारी जी औषधं आली, ती कर्करोगाने कमावलेल्या गोष्टींवर तुटून पडत होती. स्तनाच्या काही गाठींवर हर-२ हे प्रथिन अतोनात वाढतं, म्हणून १९९८ मध्ये ट्रॅस्टुझुमॅब आलं. रक्ताच्या एका कर्करोगात दोन गुणसूत्रांचे तुकडे जोडले जाऊन एक नवंच प्रथिन जन्मतं, ते अडवायला २००१ मध्ये इमॅटिनिब आलं. मात्र कर्करोग जितकं कमावतो तितकंच, किंबहुना अधिक, गमावतो. पेशींच्या वाढीला लगाम घालणारी, डीएनएची डागडुजी करणारी जनुकं त्याने टाकून दिलेली असतात. जे प्रथिन पेशीत उरलंच नाही, त्याला औषध चिकटणार कुठे? गमावलेल्या जनुकांची यादी लांबत गेली आणि औषधशास्त्रज्ञांपुढे तिचा काही उपयोग दिसेना.

१९९७ मध्ये 'सायन्स' या साप्ताहिकात लीलंड हार्टवेल, स्टीफन फ्रेंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक वाट सुचवली. हार्टवेल सिॲटलचे. पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये पेशीविभाजनाची जनुकं शोधण्यात त्यांनी आयुष्य घातलं होतं. त्यासाठी २००१ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. त्यांचं म्हणणं असं की, गमावलेल्या जनुकाकडे पाहत बसू नका. ते गेल्यामुळे पेशी आता कोणत्या दुसऱ्या जनुकाच्या जिवावर तग धरून आहे ते शोधा आणि औषध त्यावर चालवा. हा जोडीदार यीस्टमध्ये शोधणं सोपं आहे, कारण तिथे हवं ते जनुक काढून टाकता येतं. पुढे टोरांटोच्या चार्ल्स बून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम टोकाला नेलं. यीस्टच्या साधारण सहा हजार जनुकांच्या जोड्या लावत २.३ कोटींहून अधिक दुहेरी दोषाचे प्रकार त्यांनी तयार केले आणि कोणत्या जोडीत पेशी लंगडते, कोणत्या जोडीत मरते याचा नकाशा २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. एकेकटं काढलं तर यीस्टच्या बहुतेक जनुकांवाचून पेशीचं चालतं. जोडीने काढलं की मग कळतं, कोण कोणाला सावरून धरत होतं.

आता माणसाकडे येऊ. १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेरी-क्लेअर किंग यांनी स्तनाचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या दिसणाऱ्या २३ कुटुंबांच्या अभ्यासावरून दाखवलं की, या आजाराच्या आनुवंशिक रूपाचं एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे. सर्वसाधारण आजारामागे एका जनुकाचा वारसा असू शकतो, हे तोवर अनेकांना पटत नव्हतं. १९९४ मध्ये युटातल्या मिरियड जेनेटिक्स कंपनीच्या चमूने ते जनुक, म्हणजे बीआरसीए-१, वेगळं काढलं. पुढच्याच वर्षी लंडनजवळच्या सटन इथे मायकेल स्ट्रॅटन यांच्या चमूने बीआरसीए-२ शोधून काढलं. बीआरसीए-१ मध्ये दोष घेऊन जन्मलेल्या स्त्रीला ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के आणि अंडाशयाचा होण्याची ४४ टक्के असते. बीआरसीए-२ बाबत हे आकडे ६९ आणि १७ टक्के आहेत.

ही जनुकं करतात काय? डीएनएच्या दोन्ही पट्ट्या एकाच ठिकाणी तुटल्या तर शेजारच्या तंतोतंत प्रतीवरून मजकूर उतरवून ती जागा बिनचूक सांधण्याच्या कामात या जनुकांपासून बनलेली प्रथिनं लागतात. ती नसली की पेशी तुटलेली टोकं कशीबशी जोडते, चुका साठत जातात आणि त्यातून कर्करोग उभा राहतो. इथे एक बारकावा आहे आणि पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. दोष वारशाने मिळालेल्या माणसाच्या प्रत्येक पेशीत त्या जनुकाची दुसरी, दुसऱ्या पालकाकडून आलेली चांगली प्रत असते आणि तिच्यावर काम निभावतं. गाठ जिथे सुरू होते, त्या पेशीत ती चांगली प्रतही हरवलेली असते. म्हणजे एकाच शरीरात गाठीपाशी हे कौशल्य शून्य आणि बाकी सगळीकडे पुरेसं.

या जोडीतला दुसरा भिडू पार्प. हे एन्झाइम १९६३ मध्ये स्ट्रासबर्गला पॉल मांडेल यांच्या प्रयोगशाळेतल्या कामातून पुढे आलं. डीएनएच्या एका पट्टीला चीर पडली की पार्प तिथे जाऊन बसतं, स्वतःवर एक लांब साखळी विणतं आणि तिच्या खुणेवर दुरुस्तीची बाकीची प्रथिनं गोळा होतात. अशा एकेरी चिरा प्रत्येक पेशीत रोज हजारोंनी पडतात. १९८० मध्ये इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात सिडनी शॉल यांच्या गटाने दाखवलं की, पार्प अडवलं तर डीएनएला इजा करणाऱ्या रसायनाचा मार पेशीला जास्त लागतो. तेव्हापासून संशोधकांच्या मनात पार्परोधकाची जागा ठरून गेली : केमोथेरपी आणि रेडिएशनचा जोर वाढवणारं मदतीचं औषध. न्यूकॅसल विद्यापीठात निकोला कर्टिन आणि त्यांचे सहकारी या दिशेने वर्षानुवर्षं रेणू घडवत होते. त्यांतून निघालेलं रुकापॅरिब २००३ मध्ये न्यूकॅसलमध्येच केमोथेरपीच्या जोडीने कर्करोगाच्या रुग्णाला पहिल्यांदा दिलं गेलं. या औषधाच्या रॉयल्टीतला आपला वाटा कर्टिन यांनी पुढे शिक्षण आणि रोजगाराच्या वाटेवर अडलेल्या लोकांसाठी निधी उभारायला दिला. औषधांच्या किमतींबद्दल बोलताना ही गोष्टही आठवावी अशी आहे.

त्याच सुमारास केंब्रिजचे स्टीव्ह जॅक्सन यांनी १९९७ मध्ये काढलेली कूडोस ही छोटी कंपनीही पार्परोधक बनवत होती. लंडनच्या कर्करोग संशोधन संस्थेत बीआरसीएवर काम करणारे ॲलन ॲशवर्थ यांनी तिचे रेणू बीआरसीए गमावलेल्या पेशींवर घालून पाहिले. शेफील्डला थॉमस हेलेडे यांच्या गटाने कर्टिन यांच्या रेणूंसह हाच प्रयोग हॅमस्टरच्या पेशींवर केला. १४ एप्रिल २००५ च्या 'नेचर'मध्ये दोन्ही शोधनिबंध एकापाठोपाठ छापून आले. केमोथेरपी नाही, रेडिएशन नाही, नुसता पार्परोधक. आणि बीआरसीए नसलेल्या पेशी त्याने मरत होत्या. लंडनच्या प्रयोगांत त्यांतल्या एका रेणूला बीआरसीए-१ नसलेल्या पेशी निरोगी पेशींपेक्षा ५७ पट आणि बीआरसीए-२ नसलेल्या १३३ पट अधिक संवेदनशील निघाल्या.

कर्करोगाच्या औषधांत फरक दुप्पट-तिप्पट असला तरी लोक कान टवकारतात. ५७ आणि १३३ हे आकडे वेगळ्याच जातीचे होते.

असं का घडतं, याचं पहिलं उत्तर सरळ होतं. पार्प बंद झालं की एकेरी चिरा तशाच राहतात. पेशी विभाजनासाठी डीएनएची नक्कल करू लागली की नक्कल करणारी यंत्रणा त्या चिरेवर आदळते आणि एकेरी चीर दुहेरी तूट होते. निरोगी पेशी ती बीआरसीएच्या मदतीने सांधते. गाठीच्या पेशीकडे ती सोय नसते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत जुन्को मुराई आणि इव्ह पोमिए यांनी यात मोलाची भर घातली. ही औषधं पार्पला नुसतं थांबवत नाहीत, त्याला चिरेच्या जागीच जखडून ठेवतात. दुरुस्तीला आलेलं प्रथिन स्वतःच वाटेतला अडथळा बनतं. निरनिराळ्या पार्परोधकांची ताकद वेगवेगळी का, त्यांचे त्रास वेगवेगळे का, हे यावरून पुष्कळसं उलगडलं.

ओलॅपॅरिब हा कूडोसचाच रेणू. माणसांवरची त्याची पहिली चाचणी लंडनचं रॉयल मार्सडेन रुग्णालय आणि नेदरलँड्सची कर्करोग संस्था यांनी मिळून केली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ६० रुग्ण होते, त्यांतल्या २२ जणांत बीआरसीएचा दोष होता. आजार ज्यांच्याबाबत मोजता आला अशा १९ दोषधारकांपैकी १२ जणांना औषधाचा गुण आला. गाठी आक्रसल्या किंवा कित्येक महिने वाढायच्या थांबल्या. पहिल्या टप्प्याच्या चाचणीत रुग्ण सर्व उपाय थकल्यावर येतात आणि तिथे पाहायचं असतं ते फक्त औषध किती सोसतं हे. अशा ठिकाणी हा प्रतिसाद विलक्षण होता. तोवर कूडोस ॲस्ट्राझेनेकाने विकत घेतली होती.

आणि मग २०११ उजाडलं. त्या वर्षी या औषधांच्या सगळ्या कुटुंबावरच मळभ आलं. इनिपॅरिब नावाचं एक औषध पार्परोधक म्हणून मोठ्या अपेक्षेने पुढे आलं होतं. स्तनाच्या 'ट्रिपल निगेटिव्ह' कर्करोगावरच्या मोठ्या चाचणीत ते नापास झालं. पुढे उघड झालं की ते खऱ्या अर्थाने पार्परोधक नव्हतंच. तोवर व्हायचा तो परिणाम झाला होता. दुसरीकडे ओलॅपॅरिबच्या अंडाशयाच्या कर्करोगावरच्या 'स्टडी १९' या चाचणीत २६५ स्त्रिया होत्या. आजार आवरून धरण्याचा काळ ४.८ महिन्यांवरून ८.४ महिन्यांवर गेला होता. म्हणायला फायदा होता, पण आयुष्य लांबल्याचं दिसत नव्हतं. औषध कपाटात गेलं ते तेव्हा.

चूक कुठे होती? या चाचणीत बीआरसीएचा दोष असलेल्या आणि नसलेल्या स्त्रिया एकत्र होत्या. प्रवेशासाठी जनुकचाचणीची अट नव्हती. नंतर लंडनचे जोनाथन लेडरमन आणि सहकाऱ्यांनी साठवलेल्या नमुन्यांवरून कोणाच्या गाठीत दोष होता हे तपासलं. निम्म्याहून थोड्या अधिक स्त्रियांत तो सापडला. त्यांचाच हिशेब वेगळा मांडला तेव्हा चित्र पालटलं. औषधाविना ४.३ महिने, औषधासह ११.२ महिने. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. या चाचणीत औषध मिळालेल्या १३६ स्त्रियांपैकी १५ जणी सहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ ते घेत राहिल्या. उलटलेल्या अंडाशयाच्या कर्करोगाच्या रुग्ण होत्या त्या. सरासरीच्या एका आकड्याने त्यांचं जगणं झाकून टाकलं होतं. सिंथेटिक लीथॅलिटी हे तत्त्व प्रयोगशाळेत सिद्ध झालं असतानाही चाचणीची आखणी 'अंडाशयाचा कर्करोग' या जुन्या लेबलावर झाली, हे या इतिहासातलं सर्वांत महागडं दुर्लक्ष म्हणावं लागेल.

तरी दार सहज उघडलं नाही. २५ जून २०१४ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने ११ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की, घाईने मान्यता नको, पुढच्या चाचणीची वाट पाहावी. कंपनीने अर्ज बदलला. तीन किंवा अधिक वेळा केमोथेरपी होऊन गेलेल्या, वारशाने बीआरसीएचा दोष मिळालेल्या १३७ स्त्रियांच्या माहितीवर तो बेतला. त्यांच्यापैकी ३४ टक्के जणींच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या होत्या. १९ डिसेंबर २०१४ रोजी मान्यता मिळाली, सोबत मिरियडच्या जनुकचाचणीलाही. औषध द्यायचं तर आधी जनुक वाचायचं, हे आता कागदोपत्री बंधन झालं. सुरुवातीला ५० मिलिग्रॅमच्या आठ कॅप्सूल सकाळी आणि आठ संध्याकाळी, अशा दिवसाला १६ कॅप्सूल घ्याव्या लागत. मळमळ हा या औषधाचा नेहमीचा त्रास. त्यात सोळा कॅप्सूल गिळायच्या. २०१७ मध्ये गोळी आली आणि ही संख्या चारवर उतरली.

पुढे रुकापॅरिब, निरापॅरिब आणि टॅलाझोपॅरिबही मान्य झाली. आणि ही औषधं अवयवांच्या हद्दी ओलांडून गेली. बीआरसीएचा दोष असलेल्या स्वादुपिंडाच्या कर्करोगात आजार रोखून धरण्याचा काळ ३.८ महिन्यांवरून ७.४ महिन्यांवर गेला. प्रोस्टेटच्या कर्करोगात, म्हणजे पुरुषांत, ती वापरली जाऊ लागली. २०२१ मध्ये 'ऑलिम्पिया' या चाचणीचे निष्कर्ष आले. स्तनाचा कर्करोग लवकर सापडलेल्या, शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेल्या, पण आजार परतण्याचा धोका मोठा असलेल्या १,८३६ दोषधारकांवर ती झाली होती. एक वर्ष ओलॅपॅरिब घेतल्यावर तीन वर्षांनी ८५.९ टक्के रुग्ण आजारमुक्त होते, औषधाविना ७७.१ टक्के. इथे गोष्ट आजार लांबवण्याची राहिली नाही, तो परतू न देण्याची झाली.

यशाच्या या आकड्यांशेजारी दुसरे आकडेही ठेवायला हवेत. ज्या वापरासाठी २०१४ मध्ये पहिली मान्यता मिळाली होती, तोच वापर कंपनीने ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत मागे घेतला. कारण केमोथेरपीशी तुलना करणाऱ्या चाचणीत, तीन किंवा अधिक वेळा उपचार होऊन गेलेल्या स्त्रियांचं आयुष्य ओलॅपॅरिबच्या गटात कमीच असल्याचं दिसलं. तोच रेणू, तोच जनुकदोष. पण आजार सुरुवातीचा असताना जे औषध वर्षं देतं, ते उशिरा दिलं तर नुकसानही करू शकतं.

यामागे कर्करोगाची एक चलाखी आहे, जी २००८ मध्येच दोन संशोधकगटांनी 'नेचर'मध्ये दाखवली होती. बीआरसीए-२ मधला दोष म्हणजे बहुतेकदा एक-दोन अक्षरं गळून पुढचा सगळा मजकूर विस्कटणं. औषधाच्या माऱ्याखाली गाठीतल्या एखाद्या पेशीत आणखी काही अक्षरं गळतात आणि योगायोगाने मजकूर पुन्हा वाचण्याजोगा होतो. प्रथिन थोडं आखूड, पण चालण्यासारखं. ती पेशी वाचते आणि वाढते. कधी बीआरसीए-१ तसंच मोडलेलं राहतं, पण ५३बीपी१ नावाचं दुसरं प्रथिन नाहीसं होऊन दुरुस्तीची चोरवाट उघडते. जितकी केमोथेरपी जास्त झालेली, तितकी अशा पेशी आधीच तयार असण्याची शक्यता जास्त. शिवाय ही औषधं अस्थिमज्जेवर ताण आणतात. रक्तक्षय नेहमीचा. आणि काहींना रक्ताचा दुसरा कर्करोग होतो. ओलॅपॅरिबच्याच 'सोलो-२' या चाचणीत दीर्घकाळ पाहिल्यावर औषधाच्या गटात हे प्रमाण ८ टक्के आणि दुसऱ्या गटात ४ टक्के निघालं. रुग्णाला गोळी हाती देताना हा आकडाही सांगायला हवा.

दरम्यान दुसऱ्या जोड्यांचा शोध वेगाने सुरू आहे. क्रिस्पर तंत्राने माणसाच्या पेशीतही एकेक जनुक बंद करून पाहता येऊ लागलं आणि यीस्टमध्ये झालेलं काम शेकडो कर्करोगांच्या पेशींवर करता आलं. २०१९ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या गटांना स्वतंत्रपणे एकच उत्तर मिळालं. काही आतड्याच्या, जठराच्या आणि गर्भाशयाच्या कर्करोगांत डीएनएची नक्कल करतानाच्या चुका तपासणारी यंत्रणा बिघडलेली असते. अशा पेशी डब्ल्यूआरएन नावाच्या जनुकावाचून जगू शकत नाहीत. इतर पेशींना त्याच्या जाण्याने फारसं काही होत नाही. पुढच्याच वर्षी कारण सापडलं. चुकांमुळे डीएनएत एकाच अक्षरजोडीची लांबलचक पुनरावृत्ती वाढत जाते, तिथे गुंता होतो आणि तो सोडवायला डब्ल्यूआरएनच लागतं. हे जनुक जन्मतः निकामी असलेल्या माणसांना अकाली म्हातारपण आणणारा वेर्नर आजार होतो, म्हणून ते वैद्यकाला आधीपासून ठाऊक होतं. त्याला अडवणारी औषधं आता रुग्णांवर तपासली जात आहेत.

दुसरी जोडी आणखी बोलकी आहे. नवव्या गुणसूत्रावरचं, वाढीला लगाम घालणारं एक जनुक अनेक कर्करोग उडवून लावतात. ते उडवताना शेजारचं एमटॅप हे जनुकही अनेकदा सोबत जातं. कर्करोगाला त्यातून काही मिळत नाही. ते निव्वळ शेजारी असल्यामुळे गेलेलं. १० ते १५ टक्के कर्करोगांत हे घडतं, मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमात तर त्याहून पुष्कळ अधिक. एमटॅप नसलं की पेशीत एक रसायन साचतं आणि ते पीआरएमटी-५ या एन्झाइमला अर्धवट दाबून ठेवतं. म्हणजे त्या एन्झाइमला आणखी थोडं दाबलं की गाठ कोलमडेल, असं २०१६ मध्ये तीन गटांनी दाखवलं. पण पहिली औषधं निरोगी पेशींचंही पीआरएमटी-५ बंद करत आणि रक्तपेशी घटत. तेव्हा रसायनशास्त्रज्ञांनी असे रेणू घडवले की जे ते साचलेलं रसायन जागेवर असेल तरच एन्झाइमला धरतात. ज्या पेशीत रसायन साचलेलं नाही, तिथे ते जवळपास निरुपद्रवी राहतात. गाठीच्या स्वतःच्या कचऱ्याला औषधाचा साथीदार करून घेणारं हे काम या क्षेत्रातलं सर्वांत देखणं काम आहे. या रेणूंच्याही चाचण्या सुरू आहेत.

भारतात हे सगळं कुठवर पोचलंय? ओलॅपॅरिबला इथे २०१८ मध्ये मान्यता मिळाली. मूळ औषधाची किंमत बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरची होती. पेटंटवरून दिल्ली उच्च न्यायालयात वाद झाला. मार्च २०२४ मध्ये रेणूच्या पेटंटची मुदत संपली आणि जेनेरिक गोळ्यांची वाट मोकळी झाली. किमतीचा अडसर यामुळे कमी होतो, नाहीसा होत नाही. गोळी महिनोन्‌महिने, सोलो-१ च्या पद्धतीने दोन वर्षं घ्यायची असते. मात्र इथला मोठा अडसर गोळीच्या आधी येतो. चाचणीच होत नाही. देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अंडाशयाच्या कर्करोगाच्या साधारण चौथा हिस्सा स्त्रियांत बीआरसीएचा दोष सापडला. चौघींत एक हे प्रमाण इतकं मोठं आहे की, कुटुंबात आधी कोणाला कर्करोग झाला होता की नाही हे न पाहता अंडाशयाच्या अशा कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाची चाचणी करावी, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मुंबईत टाटा स्मारक केंद्राचा कर्करोग जनुकीय विभाग हे काम अनेक वर्षं करतो आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी केमोथेरपी मिळते. जनुकचाचणी सुचवणारा आणि तिचा अहवाल समजावून सांगणारा माणूस क्वचितच भेटतो.

चाचणी दोन प्रकारची असते आणि हा फरक रुग्णाच्या घरच्यांना माहीत असलेला बरा. रक्ताची किंवा लाळेची चाचणी वारशाने आलेला दोष सांगते. काही स्त्रियांत दोष वारशाचा नसतो, तो फक्त गाठीत निर्माण झालेला असतो. तो गाठीच्या तुकड्यातच दिसतो. शस्त्रक्रियेनंतर तो तुकडा मेणाच्या ठोकळ्यात घालून रुग्णालयात जपलेला असतो. रुग्णालय बदलताना फाइल, स्कॅनच्या सीडी, सगळं नेलं जातं आणि हा ठोकळा मागेच राहतो. तो मागून घ्यायचा असतो. बीआरसीए शाबूत असूनही दुरुस्तीची तीच यंत्रणा इतर कारणांनी मोडलेली असू शकते. अंडाशयाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या, आक्रमक प्रकारात साधारण निम्म्या गाठींत ती मोडलेली असते. त्यासाठीची 'एचआरडी' चाचणीही याच ठोकळ्यावर होते.

वारशाचा दोष सापडला तर विषय एका रुग्णापुरता राहत नाही. तिच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात आणि प्रत्येक मुलामुलीत तो असण्याची शक्यता निम्मी असते. घराण्याचा इतिहास विचारताना आपल्याकडे आई, मावशी आणि आईची आई यांची चौकशी होते आणि आत्या राहून जाते. हा दोष वडिलांकडूनही तितक्याच सहज येतो. वडिलांना काही झालेलं नसतं, म्हणून तो दिसत नाही. ज्या निरोगी बहिणीत किंवा मुलीत तो सापडतो, तिच्यासाठी पंचविशीपासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय आणि मुलं झाल्यावर, बीआरसीए-१ असेल तर ३५ ते ४० या वयात, अंडाशय आणि बीजवाहिन्या काढून टाकण्याचा विचार, असा ठरलेला मार्ग आहे. बीआरसीए-२ असलेल्या भावाला चाळिशीपासून प्रोस्टेटची तपासणी सांगितली जाते. लग्न ठरायचंय म्हणून मुलीची चाचणी पुढे ढकलणारी घरं आहेत आणि त्यांची भीती खोटी नाही. म्हणूनच अहवालाच्या कागदाबरोबर समोर बसून बोलणारा समुपदेशक लागतो. एकदा घाईत नव्हे, कुटुंब जितक्या वेळा येईल तितक्या वेळा.